हार्थसेनची नोंद

७ जानेवारी

आज मुखपृष्ठाचा आणि सुरुवातीच्या पानांचा नमुना कार्यालयात आला. वर ठळक अक्षरांत पुस्तकाचं नाव, 'पवित्र विधींचे विसरलेले इंग्रजी शब्द', आणि खाली तेवढ्याच ठळक अक्षरांत आमच्या जावईबुवांचं नाव. एकट्याचं. माझं नाव कुठे आहे म्हणून आत शोधलं, तर आभाराच्या पानावर सापडलं. एसी दुरुस्त करणाऱ्याच्या खाली आणि कागद पुरवणाऱ्याच्या वर.

तळपायाची आग मस्तकात गेली. सोळा वर्षं मी या मेलेल्या शब्दांच्या उशाशी बसलेय. कुठला शब्द कधी जन्मला, कोणत्या प्रार्थनेत राबला, कधी अंथरुणाला खिळला, सगळं मी लिहिलं. आणि हा कोण? माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. या शब्दकोश कार्यालयात त्याला चिकटवला तो मीच. तेव्हा 'हाऊझल' हा शब्द दाखवला तर स्वारी म्हणाली, "घराशी संबंधित दिसतोय." अरे, हाऊझल म्हणजे मरणाऱ्याच्या मुखी द्यायचा पवित्र भाकरीचा तुकडा! आणि त्याच्याही मागे गेलं तर इंग्रजीच्या एका जुन्या भाऊबंद भाषेत त्याचा अर्थ बळी. आज तो कार्यालयाचा प्रमुख आहे. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

तशीच केबिनमध्ये गेले.

"हे आभाराचं पान काय आहे?"

"अहो ताई, संस्थेची पद्धतच आहे ती. प्रमुखाचं नाव जातं. आणि घरातल्या घरातच आहे की सगळं. माझं काय नि तुमचं काय."

"मग तुमचं आभारात टाका आणि माझं वर."

खो खो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला. चहा मागवला माझ्यासाठी. मी तो प्यायले, याचाच आता जास्त राग येतोय.

९ जानेवारी

धाकटीचा फोन. पोटात दुखतं म्हणे, जेवण जात नाही. मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याने माझ्या पोटावर पाय दिलाय, त्याचं आधी बघ." ती म्हणाली, "ताई, येतेस का दोन दिवस?" मी म्हटलं, प्रुफं आहेत. नवऱ्याची बाजू घ्यायला बोलावत असणार.

१४ जानेवारी

आज फुलॉट या शब्दाची शेवटची तपासणी केली. मुलाला पाण्याने पवित्र करून नाव देण्याच्या विधीला इंग्रजीत हा अस्सल घरचा शब्द होता. मग बाहेरून 'बॅप्टिझम' आला. पाहुणा म्हणून आला, ओसरीवर बसला, माजघरात शिरला आणि शेवटी घरमालकालाच बाहेर काढलं. फुलॉट कुणाला आठवतही नाही आता. मी समासात पेन्सिलीने जावईबुवांचं नाव लिहिलं आणि खोडलं.

दुपारी स्वारी माझ्या टेबलाशी आली. "ताई, सगळं उत्तम झालंय, पण जरा कोरडं वाटतं. तेल लावणं, खूण करणं, बळी देणं... सगळीकडे आपला धर्मगुरूच. एखादा घरगुती विधी नाही का सापडणार? वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं असा?"

मी म्हटलं, "बघते."

घरी येताना पायऱ्यांवरच थांबले. नकाशे काढणारे लोक म्हणे नकाशात एखादी नसलेली गल्ली मुद्दाम काढून ठेवतात. कुणी नकाशा चोरून छापला की ती गल्लीही छापून येते आणि चोर पकडला जातो. शब्दकोशवालेही असं करत आलेत.

जावईबुवांना घरगुती विधी हवाय. देऊया की.

१८ जानेवारी

झाला तयार. दोन दिवस लागले. इतकं मन लावून मी खऱ्या शब्दावरही काम केलं नसेल.

'सेन' हा खरा शब्द आहे, संकट टळावं म्हणून पवित्र खूण करणं. त्याच्या आधी चूल या अर्थाचा 'हार्थ' जोडला. हार्थसेन. ऐकायला कसा, चारशे वर्षं धुरात राहिल्यासारखा! विधी असा: घरातलं कुणी मोठ्या संकटाला सामोरं जायला निघालं की त्याने उंबऱ्यावर उभं राहायचं. घरच्यांनी एकेक करून ओला हात त्याच्या कपाळाला लावायचा आणि त्याचं अर्धवट राहिलेलं एक काम त्याला सांगायचं. 'तुझं हे राहिलंय.' बस्स. धर्मगुरू नाही, मंत्र नाही. काम राहिलेल्या माणसाला घर परत बोलावतं, अशी समजूत.

आधाराला एका खेड्यातल्या प्रार्थनाघराचं हस्तलिखित दिलं. पानाचा क्रमांकसुद्धा दिला. ते खेडं नाही, प्रार्थनाघर नाही, हस्तलिखित नाही. माझ्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहिली आणि टेबलावर ठेवून आले.

एका तासात स्वारी केबिनमधून बाहेर. "ताई! कुठे दडवून ठेवला होता हा?" डोळे खरंच ओले होते. मूळ आधार बघतो, असं एका शब्दाने म्हणाला नाही. मी आधीच ओळखलं होतं. ज्याने स्वतः कधी एक नोंद केली नाही, तो काय आधार तपासणार!

एप्रिलमध्ये संस्थेची वार्षिक सभा आहे. गावभरचे विद्वान जमतात. पुस्तक तेव्हा सगळ्यांच्या हातात असेल. मी उठेन आणि अगदी गोड आवाजात विचारेन, "लेखकमहाशय, हे प्रार्थनाघर कुठे आहे?"

२ मार्च

पुस्तक आलं. मी एक प्रत विकत घेतली. जावईबुवा मला सवलत देत होता, घेतली नाही.

९ मार्च

वर्तमानपत्रात परीक्षण. अर्धं परीक्षण हार्थसेनवर! 'लेखकाने विस्मृतीतून वर काढलेलं रत्न.' लेखकाने म्हणे. रेडिओवर मुलाखत झाली, तिथेही तेच. हाऊझलबद्दल कुणी विचारत नाही, मरणाऱ्याच्या अंगाला तेल लावायच्या 'अनील'बद्दल कुणी विचारत नाही. त्यांच्यामागे माझी वर्षंच्या वर्षं गेली. दोन दिवसांत रचलेल्या थापेवर सगळे लट्टू झालेत.

जितका उंच चढेल तितका बरा. पडल्यावर आवाज मोठा येतो.

१५ मार्च

धाकटीला ऑपरेशन सांगितलंय. गाठ आहे. ती जानेवारीपासून दुखतंय म्हणत होती, हे मला आज आठवलं. या वहीत मागे जाऊन बघितलं. नऊ तारखेला लिहिलंय. त्याच्यापुढेच मी दिलेलं प्रुफांचं कारण लिहिलंय.

डॉक्टर म्हणतात, काढल्यावर तपासायला पाठवू, मग कळेल. मी फोनवर म्हटलं, "येतेच." ती म्हणाली, "प्रुफं संपली का?" टोमणा नव्हता तो. ती टोमणे मारत नाही, तीच तर पंचाईत आहे.

१९ मार्च

सकाळी तिच्या घरी गेले. बॅग भरलेली, गाडी खाली उभी. मी चपला घालायला वाकले तर जावईबुवा वाटीत पाणी घेऊन आला. मला कळेना कशाला.

धाकटी उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली आणि लाजून हसली. "ताई, मीच म्हटलं करूया. पुस्तकातलं."

माझी एक चप्पल हातातच राहिली.

त्याने बोटं बुडवली, तिच्या कपाळाला लावली. "माझ्या निळ्या कोटाचं बटण राहिलंय," म्हणाला, आणि वाटी भाचीच्या हातात दिली. भाची पुढे झाली. "आई, मला गाडी मागे घ्यायला शिकवायची राहिलीय. परवा खांबाला लावली मी." सगळे रडता रडता हसले. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

काय करणार? हात ओला केला. तिचं कपाळ तापलेलं होतं. लहानपणी ताप बघायला लावायचे तसाच हात लागला. मी म्हटलं, "तू अर्धा विणलेला स्वेटर माझ्या कपाटात पडलाय. एकच बाही आहे त्याला. मी काय एका हाताने फिरू?"

"आल्यावर करते," ती म्हणाली, आणि ताठ चालत जिना उतरली. गेला आठवडाभर ती भिंत धरून चालत होती म्हणे.

मी हे बसल्या जागी रचलं होतं. त्या माणसाला खड्ड्यात घालायला रचलं होतं.

२४ मार्च

ऑपरेशन नीट झालं. तपासणीचा निकाल यायचाय. ती उशाशी पुस्तक ठेवते. नर्सला ते पान वाचून दाखवलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला ऑपरेशनला न्यायला आले, तेव्हा तिच्या घरच्यांनी दारातच ओला हात लावला. पसरतंय हे.

सभा तोंडावर आली. ती बरी झाली, तर तिच्यादेखत उठून कसं सांगू की हे सगळं खोटं आहे? आणि नाही झाली तर... या वहीत मनातलं लिहायचं असं मी स्वतःशी ठरवलंय, म्हणून लिहिते. नाही झाली तर मला मोकळं रान.

लिहिलं खरं. आता हे पान बघवत नाहीये.

३० मार्च

निकाल चांगला आला. गाठ साधी होती. जावईबुवा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात खाली बसून लहान पोरासारखा रडला. भाचीने मला मिठी मारली. मलाही रडू आलं. पण त्याच्या आधी, अगदी आधी, सभेचं आता काय, असं मनात आलं. आधी ते, मग आनंद. क्रम असा होता.

त्या माणसाने मला हे करून ठेवलंय. सख्खी बहीण वाचली आणि मला हळहळ! हेही मी त्याच्याच खात्यावर मांडणार आहे.

४ एप्रिल

धाकटी घरी आली. मी डबा घेऊन गेले. तो आत फोनवर होता. तिने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "ताई, तो शब्द तूच शोधलास ना? मला माहीत आहे. हे कुठले शोधतायत! घरात चष्मा सापडत नाही यांना."

मी डबा उघडला.

"मी यांना सांगितलंय. ताईचं नाव आलंच पाहिजे. दुसरी आवृत्ती निघतेय, तिच्यावर तरी. नाहीतर मी बोलणार नाही म्हटलं." मग म्हणाली, "पण त्या शब्दाला हात लावू नकोस हं. बाकी काय बदलायचं ते बदल. मी त्या दिवशी जिना उतरले ती त्याच्या जोरावर."

सांगायला हीच वेळ होती. जिभेवर आलं होतं. मी विचारलं, "मीठ जास्त झालंय का गं भाजीत?"

८ एप्रिल

सभेत उठायचं नाही, असं ठरवलं. उठता येणार नाही. सूड गेला पाण्यात. दिवसभर दातओठ खात टेबलाशी बसले.

आज 'सेकर' वाचत होते. पवित्र करणं, या अर्थाचं जुनं क्रियापद. ते मेलं, पण त्याच्यापासून झालेलं 'सेक्रेड' राहिलं. करणं विसरले लोक, केलेलं तेवढं लक्षात ठेवलं. पुस्तकात हे वाक्य आहे, माझं आहे, आणि परीक्षणवाल्याने ते त्याच्या नावावर उद्धृत केलंय.

१० एप्रिल

टाइपिंगवाली जेवणाच्या सुट्टीत खुर्ची ओढून बसली. तिला कार्यालयातलं पानही हललेलं कळतं. म्हणाली, परदेशातल्या कुणा वयस्कर प्रोफेसरांचा ईमेल आलाय, चांगला लांबलचक. वाचताना साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. दार लावून बसले. मग हार्थसेनची मूळ चिठ्ठी मागवली आणि झेरॉक्स काढायला लावली. "बाई, दोनदा विचारलं त्यांनी, अक्षर कुणाचं आहे हे कळतंय ना नीट?"

क्षणभर मला ते नसलेलं प्रार्थनाघर आठवलं. पण मग म्हटलं, छे! कौतुकाचं पत्र असणार. परदेशी माणसाने चार खोलातले प्रश्न विचारले असतील आणि स्वारीला उत्तर येत नसेल. चेहरा पांढरा पडेल नाहीतर काय! अक्षराचं विचारलं, कारण धाकटीने घरी तोफ डागलीय. आता खरं काम कुणाचं, हे त्याला कबूल करावं लागणार.

१२ एप्रिल

आला! नाक घासत माझ्या घरी आला! हातात फुलं, घामाघूम.

"ताई, माझं चुकलं," म्हणाला. उभ्या उभ्याच. "ही आजारी पडल्यापासून मला झोप नाही. दुसऱ्या आवृत्तीवर फक्त तुमचं नाव. माझं कुठेही नको. प्रस्तावनेतसुद्धा नको. आणि उरलेल्या पहिल्या आवृत्तीच्या प्रतींमध्ये चिकटवायला एक पट्टी छापून घेतोय, की मूळ लेखिका तुम्हीच."

मी त्याला बसायलाही सांगितलं नाही. म्हटलं, "आभारात तरी तुमचं नाव टाकू का? एसीवाल्याच्या खाली?"

"नको, नको," घाईघाईने म्हणाला. "अजिबात नको, ताई."

एवढा नमलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर मला त्याला अजून थोडं उभं ठेवायचं होतं, पण त्याला कार्यालयात जायची घाई होती.

१३ एप्रिल

सही केली. त्याने कागद तयारच ठेवला होता, वकिलाकडून करून आणलेला. 'ग्रंथातील प्रत्येक नोंद, तिचा आधार व तिचा खरेपणा यांची संपूर्ण जबाबदारी लेखिकेची आहे. संस्थेचा व प्रमुखांचा त्यात कोणताही सहभाग नव्हता.' कोणताही सहभाग नव्हता! हे वाक्य मी तीनदा वाचलं. सोळा वर्षं मला हेच कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, आणि त्याने ते स्वतःच्या हाताने वकिलाकडून लिहून आणलं. साक्षीदार म्हणून टाइपिंगवालीची सही. ती बिचारी माझ्याकडे विचित्र बघत होती. म्हणाली, "बाई, जरा वाचून, विचार करून..." मी म्हटलं, अगं, वाचूनच करतेय!

मग दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं. ह अक्षरापाशी आले आणि पेन थांबलं. काढावी का ती नोंद? माझं नाव त्याच्यावर होतं तोवर... चुकलं, त्याचं नाव त्याच्यावर होतं तोवर तो सापळा होता. आता माझं नाव आहे. पण काढली तर धाकटी विचारेल का काढली. आणि कोण बघतंय? एवढ्या विद्वानांनी वाचलं, एकानेही हूं का चूं केलं नाही. तिसऱ्या आवृत्तीत हळूच काढता येईल. 'छापावे' असं लिहून खाली सही केली. पूर्ण नाव लिहिलं, लपेटदार.

१७ एप्रिल

उद्या सभा. ठेवणीतले कपडे काढून इस्त्री केले.

जावईबुवांनी सगळी व्यवस्था चोख ठेवलीय. मंचावर एकच खुर्ची लेखिकेची. स्वतः मंचावर यायला तयार नाही. "दिवस तुमचा आहे, ताई," म्हणाला. आणि तो ईमेलवाला वयस्कर प्रोफेसर खास या सभेसाठी येतोय, विमानाने! त्याला लेखिकेला समक्षच काही विचारायचं आहे म्हणे, सगळ्यांसमोर. जुन्या प्रार्थनाघरांच्या याद्या आणि कागद पेटीभर घेऊन येतोय. या वयात, माझ्यासाठी, एवढं ओझं! मी हाऊझल आणि फुलॉटची टिपणं पुन्हा एकदा वाचून ठेवली, म्हणजे कुठे अडायला नको. वर्तमानपत्रवालेही बोलावलेत. तेही त्यानेच बोलावले.

धाकटी हट्टाने येणार आहे. डॉक्टरांनी एक तास बसायची परवानगी दिलीय. प्रश्नोत्तरं सुरू झाली की ती उभी राहून सांगणार आहे, की हा विधी आमच्या उंबऱ्यावर झाला आणि तो माझ्या ताईने शोधून काढला. पाठ करतेय म्हणे बोलायचं. मी नको म्हटलं, ऐकत नाही.

संध्याकाळी जावईबुवांचा फोन आला, मी शेवटच्या रांगेत बसेन, म्हणाला. मी म्हटलं, छे, असं कसं! पहिल्या रांगेत बसा, धाकटीच्या शेजारी. मला मंचावरून तुमचं तोंड बघायचंय.